बाळंतपणात फाटणं, चिरा आणि टाके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात २२ वर्षं स्टाफ नर्स आहे. खालचे प्रश्न सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या पोरी विचारतात, तेही आई औषधाच्या खिडकीला गेली की. काही जणी रात्री फोन करून दबक्या आवाजात विचारतात. प्रश्न जमेल तितके त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. तुमच्या तपासणीत काही वेगळं निघालं असेल तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका, माझं नाही.

१. "खाली फाटतं" म्हणजे नेमकं कुठं? सगळ्यांनाच फाटतं का?

योनीचं तोंड आणि शौचाची जागा यांच्यामध्ये दोन-तीन बोटांचा मांसल भाग असतो. बाळाचं डोकं बाहेर येताना हा भाग कागदासारखा पातळ ताणला जातो. ताण झेपला नाही की कातडी, कधी आतला स्नायूही उकलतो. ब्रिटनमधल्या आकड्यांप्रमाणे पहिल्या नॉर्मल बाळंतपणात दहापैकी नऊ जणींना खरचटणं, फाटणं किंवा चिरा (वाट मोठी करायला डॉक्टरांनी कात्रीने दिलेला काप) यांतलं काहीतरी होतं. आकडा ऐकून घाबरू नका, यातलं बहुतेक किरकोळ असतं आणि भरून येतं. एकही टाका पडणार नाही असं वचन कुणी देत असेल तर ते मनावर घेऊ नका. मोठं फाटण्याचा धोका मात्र काही अंशी कमी करता येतो.

२. कार्डावर "सेकंड डिग्री" लिहिलंय. म्हणजे किती?

पहिली डिग्री म्हणजे फक्त कातडी. बऱ्याचदा टाकाही लागत नाही. दुसरीत खालचा स्नायू फाटतो, टाके लागतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते हेच, आणि डॉक्टर देतात तो चिराही याच खोलीचा असतो. तिसरीत शौच आवरून धरणारा गोल स्नायू फाटतो. चौथीत त्याच्या आतलं अस्तरही जातं. तिसरी-चौथी डिग्री ही खरी काळजीची. ब्रिटनच्या आकड्यांत पहिल्या बाळंतपणात शंभरात सहाजणींना आणि आधी नॉर्मल झालेल्यांत शंभरात दोघींपेक्षाही कमी जणींना ती होते. या पानावरचा सगळा खटाटोप मुख्यतः ती टाळण्यासाठी आहे.

३. माझ्या जाऊबाईला लई टाके पडले. मलाही तसंच होईल का? धोका कुणाला जास्त असतो?

जाऊबाईवरून काही कळत नाही. धोका वाढतो तो पहिलटकरणीला, चार किलोच्या पुढच्या बाळाला, बाळाचं तोंड वर, आईच्या पोटाकडे असेल तर, खांदा अडकला तर, बाळाचं डोकं धरून काढायचा चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला तर, जोर करण्याचा काळ फार लांबला तर आणि आधी तिसऱ्या-चौथ्या डिग्रीचं फाटलं असेल तर. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत दक्षिण आशियाई बायकांनाही हा धोका जास्त दिसलाय.

यातलं तुमच्या हातात येतं ते बाळाचं वजन, तेही थोडंसं. पोटात असताना आईला साखर निघाली आणि आवरली नाही, तर बाळ अंगाने वाढतं. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची तपासणी चुकवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं विचारा.

४. आई रोज दुधात तूप घालून देतेय. "वाट मऊ होते" म्हणते. खरंय का?

तूप पोटात जातं, वाटेला जात नाही. जेवणाची नळी आणि बाळाची वाट यांचा काही संबंध नाही. चमचाभर तूप आवडीनं खा, आईचं मन राखा. वाटीभर घेतलं तर वजन तेवढं वाढेल. एरंडेल मात्र स्वतःच्या मनाने पिऊ नका. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि बाई कळांच्या आधीच गळून जाते. तेलात भिजवलेला कापूस घरी आत ठेवू नका, पाणी गेलेलं असेल तर मुळीच नाही.

५. फरशी पुसणं, उकिडवं बसणं यानं फाटत नाही म्हणतात?

चालणं-बसणं चांगलंच, पण फरशी पुसल्याने कातडी लवचिक झाल्याचं मी पाहिलेलं नाही. घरात फरशी पुसायला कुणी नसतं, म्हणून हा सल्ला इतका टिकलाय असं माझं मत. त्यापेक्षा लघवी रोखून धरल्यासारखं खालून आवळायचं आणि सोडायचं, हा व्यायाम शिका. तो लघवी गळण्यावर उपयोगी पडतो. त्यानं स्नायू "कडक होऊन जास्त फाटतो" हा गैरसमज आहे. सोडायला शिकणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं; बाळ येताना तेच लागतं.

६. खालच्या जागेची मालिश करतात म्हणे. खरंच उपयोग होतो? कशी करायची?

होतो, पण चमत्काराची अपेक्षा नको. बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात असं दिसलं की, ३४-३५ व्या आठवड्यापासून मालिश करणाऱ्या साधारण १५ पहिलटकरणींमागे एकीचे टाके वाचतात. चिराही थोडा कमी लागतो. आधी नॉर्मल झालेल्यांचे टाके फारसे कमी होत नाहीत, पण नंतरचं रेंगाळणारं दुखणं कमी होतं.

पद्धत साधी आहे. आंघोळीनंतर करा, अंग सैल असतं. नखं कापा, हात साबणाने धुवा. पाठीला दोन उशा लावून गुडघे वाकवून टेका. पहिल्या एक-दोन वेळा समोर आरसा धरला की बरं पडतं. बिनवासाचं खोबरेल किंवा जेवणातलं साधं सूर्यफुलाचं तेल घ्या. अंगठे योनीत पहिलं पेर जेमतेम ओलांडेल इतकेच आत घाला आणि खाली, शौचाच्या जागेकडे दाबा. चुरचुरेल, ताण जाणवेल. तिथंच मिनिट-दोन मिनिटं धरा, श्वास सोडत अंग ढिलं करा. मग अंगठे खालून दोन्ही बाजूंना, घोड्याच्या नालेसारखे फिरवा. वरच्या बाजूला, लघवीच्या जागेकडे दाबू नका. पाच ते दहा मिनिटं पुरे. आठवड्यातून एक-दोनदाच करा. अभ्यासांत रोज करणाऱ्यांना जास्त फायदा झालेला नाही.

पोट आड येतं आणि हात पुरत नाही ही तक्रार खरी आहे. नवऱ्याने केलं तरी चालतं, तुम्हाला चालणार असेल तर.

७. मालिश कुणी करू नये?

वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, खाली खाज, फोड किंवा वासाचा स्राव असेल, किंवा दिवस भरायच्या आधी कळा येण्याची भीती डॉक्टरांनी सांगितली असेल, तर नको. आणि नुसत्या विचारानेच अंगावर काटा येत असेल तरीही नको. न केल्याने काही बिघडत नाही. प्रश्न ८ आणि ९ मधल्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत.

८. कळा आल्यावर किती जोर लावायचा? सगळ्या "जोर कर, जोर कर" म्हणतात.

एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत जोर करायचा नसतो. उघडल्यावरही आतून आपोआप जोर येतो तेव्हाच, कळेबरोबर कुंथायचं; दोन कळांच्या मध्ये अंग सोडून पडायचं. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो, पुढच्या खेपेला दोन तासांपर्यंत. आईचे आणि बाळाचे ठोके ठीक असतील तर घड्याळाकडे पाहून घाई करायची गरज नसते.

खरी कसोटी शेवटच्या काही मिनिटांत. डोकं दिसायला लागतं, आत जातं, पुन्हा दिसतं. मग ते परत आत जात नाही आणि खाली आग पेटल्यासारखं होतं. त्या क्षणी अंग सांगतं जोर लाव, आणि खोलीतल्या सगळ्याजणीही तेच सांगतात. नेमका तेव्हाच जोर थांबवायचा. तोंड उघडं ठेवा, बशीतल्या चहावर घालतो तशी हलकी फुंकर घालत राहा. फुंकणीनं चूल पेटवतो तशी नाही. त्यानं पुन्हा पोटाला जोर बसतो. डोकं कळेच्या जोराने नाही, तर मुरत-मुरत, कातडीला ताणायला वेळ देत बाहेर यायला हवं. एका हाताने आम्ही डोक्याचा वेग आवरतो, दुसऱ्याने खालच्या भागाला आधार देतो.

आधीच सांगून ठेवा: "सिस्टर, डोकं येताना मला सांगा, मी जोर थांबवते." हे वाक्य बोललेली बाई माझ्या लक्षात राहते. गडबडीतही मी तिला सांगते.

९. गरम पाण्याच्या कपड्याचं काय ऐकलंय?

कोमट-गरम पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ कपडा कळांच्या वेळी खालच्या भागावर धरतात. यानं तिसऱ्या-चौथ्या डिग्रीचं फाटणं कमी होतं, हे चांगल्या अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणाबद्दल केलेल्या शिफारशींत गरम कपडा, त्या वेळची हलकी मालिश आणि हाताचा आधार, तिन्ही आहेत. खर्च शून्य.

गेल्या श्रावणात एक पहिलटकरीण होती, चणीने लहान, बाळ बऱ्यापैकी मोठं. रुपयाएवढं डोकं दिसायला लागलं तेव्हा मी आयाबाईला चहाच्या पातेल्यात पाणी तापवायला सांगितलं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, निर्जंतुक कपडा बुडवला, पिळला, धरला. तोवर टेबलाच्या कडेला नखं रोवून बसलेली ती पोर म्हणाली, "बाई, तो कपडा काढू नका." पाऊण तास आम्ही तेच करत होतो. शेवटी दोन टाके पडले. कपडा नसता तर किती पडले असते हे सांगता येत नाही. पण तिची मांडी थरथरायची थांबली हे मी हाताखाली अनुभवलं.

घरचा कपडा, घरची गरम पिशवी वापरायची नाही. हे काम सिस्टरचं; तुम्ही फक्त मागा. रात्री एकटी सिस्टर तीन बाळंतिणींमागे धावत असेल तर जमणार नाही, तेही समजून घ्या.

१०. पाठीवरच झोपायचं का? आजी म्हणते, पूर्वी उकिडवं बसून बाळं व्हायची.

आजी बरोबर सांगते, पण फाटण्याच्या हिशोबात उकिडवं बसणं सर्वोत्तम नाही. बसून किंवा उभ्याने बाळंत होणाऱ्यांना चिरा आणि चिमटा कमी लागतो; दुसऱ्या डिग्रीचं फाटणं थोडं जास्त दिसू शकतं. डोकं सावकाश यावं म्हणून मला डाव्या कुशीवर, वरचा पाय कुणीतरी धरलेला, ही स्थिती आवडते. काहींना हात-गुडघ्यांवर ओणवं बरं वाटतं. कळांच्या सुरुवातीला चाला, टेका, वाका. शेवटी कसं राहायचं ते आधी विचारून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी टेबलाची सवय पक्की आहे.

११. बाळ खाली येईना म्हणून पोटावर दाब देतात. ते बरोबर आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस याच्या विरोधात आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणात एकीने पोटावर कोपर ठेवलं होतं, दोघी कानाशी ओरडत होत्या. बाळ दोन कळांत आलं. पुढचं वर्षभर मला पोटातली हवा आवरायची नाही, आणि मी स्वतः नर्स असून कुणाला सांगितलं नाही. कुठं झालं ते सांगत नाही, कारण ही चाल एका जागेची नव्हती. सोबतच्या नातेवाइकांनी "पोट दाबू नका" एवढं म्हटलं तरी फरक पडतो. बाळ आल्यानंतर रक्त थांबावं म्हणून पोट चोळतात ते वेगळं. त्याला अडवू नका.

१२. पहिलटकरणीला चिरा द्यावाच लागतो का?

नाही. "फाटण्यापेक्षा कापलेलं बरं" ही जुनी समजूत आहे, आणि आपल्याकडे ती अजून पुष्कळ ठिकाणी चालते. सरसकट चिरा दिल्याने मोठं फाटणं टळत नाही. गरज असते तेव्हा मात्र तो द्यावाच लागतो: बाळाचे ठोके पडले आणि लवकर काढायचंय, चिमटा लावायचाय, किंवा मोठं फाटणार हे दिसतंय. तेव्हा तो सरळ खाली न देता बाजूला तिरका, भाग पूर्ण ताणलेला असताना, मधल्या रेषेपासून साधारण ६० अंशांत देतात. सरळ खाली दिलेला चिरा पुढे शौचाच्या स्नायूपर्यंत फाटत जाऊ शकतो. बधिर करण्याचं इंजेक्शन आणि "चिरा देतेय" असं आधी सांगणं, हे दोन्ही तुमचे हक्क आहेत.

१३. चिमटा आणि व्हॅक्यूम यात फरक काय?

चिमट्याने मोठं फाटण्याचा धोका जास्त, व्हॅक्यूमच्या, म्हणजे बाळाच्या डोक्याला चिकटवून ओढायच्या वाटीने कमी. पण बाळ नेमकं कुठं अडलंय आणि वेळ किती आहे यावर ते ठरतं. त्या मिनिटाला वाद घालू नका.

१४. केस काढून, एनिमा घेऊन जायचं का?

दोन्हीची गरज नाही. घरी ब्लेडने तर मुळीच नको. त्या बारीक जखमांतूनच संसर्ग होतो. जोर करताना थोडी शौच होते, आम्ही पुसून टाकतो. त्या लाजेपायी अंग आवळून धरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आवळल्याने उलट त्रास वाढतो.

१५. मग सिझरच केलेलं बरं नाही का?

खालचं वाचेल, पण पोटावर आणि गर्भपिशवीवर जखम होईल, आणि पुढच्या खेपेला वार त्या व्रणात रुतण्याचा धोका राहील. फक्त टाक्यांच्या भीतीने सिझर हा तोट्याचा सौदा. अपवाद प्रश्न १९ मध्ये.

१६. टाक्यांना शेक द्यायचा का? सासूबाई बाजेखाली शेगडी ठेवायलीत.

शेगडी नको. बंद खोलीत निखाऱ्याचा धूर आई आणि बाळ दोघांना घातक, आणि बधिर झालेल्या जागेला भाजलं तर कळतही नाही. ओवा-शेपाची धुरीही टाक्यांवर नको.

पहिल्या एक-दोन दिवसांत सूज असते, तेव्हा थंड बरं वाटतं: कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. "बाळंतिणीला गार बाधतं" यावर घरात महाभारत होतं हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणा; चिठ्ठी दाखवली की आवाज खाली येतो. नंतर टबात कोमट पाण्यात बसा. प्रत्येक लघवीनंतर पुढून मागे धुवा आणि टिपून कोरडं करा. उन्हाळ्यात टँकरचं पाणी असेल तर धुण्यापुरतं उकळून गार केलेलं वेगळं ठेवा. हळद, राख, तेल काही लावू नका. टाके विरघळणारे असतात, काढायला यावं लागत नाही. धाग्याचे तुकडे पडले तर घाबरू नका. दुखणं बहुतेकींचं दोनेक आठवड्यांत उतरतं. नवऱ्याजवळ जायचं ते सव्वा महिना उलटल्यावर, आणि तेव्हाही तुम्हाला वाटलं तरच.

१७. शौचाला बसायची भीती वाटायलीय. टाके उसवतील का?

उसवत नाहीत. कडक शौच मात्र त्रास देते, आणि ती होते बाळंतिणीला पाणी मोजून दिल्यामुळे. "पाण्याने पोट सुटतं" म्हणून दिवसाला दोन पेले देणारी घरं अजून आहेत. तहान लागेल तितकं प्या. अंगावर पाजणारीला जास्तच लागतं. शेपूची भाजी, ज्वारीची भाकरी, वरण, पपई चालेल. डिंकाचा लाडू दिवसाला एक ठीक, चार खाल्ले तर पोट जड होईल. बसताना पायाखाली पाट घ्या आणि स्वच्छ घडी टाक्यांवर हलकी धरा. दोन-तीन दिवस झालंच नाही तर मऊ करणारं औषध मागा. तिसऱ्या-चौथ्या डिग्रीवाल्यांना ते सुरुवातीपासूनच देतात.

१८. दवाखान्यात कधी धावायचं?

तासाभरात पॅड भिजून जाणं, ताप, घाण वास किंवा पू, टाके उघडणं, एका बाजूला वाढत जाणारी टणक सूज आणि न सोसवणारं दुखणं, लघवी न होणं: यातलं एकही झालं तर त्याच दिवशी, १०८ ने. शौच किंवा हवा आवरत नसेल, किंवा योनीतून शौच येत असेल, तर लाजून वर्ष काढू नका. मी काढलं.

१९. मागच्या वेळी तिसऱ्या डिग्रीचं फाटलं होतं. आता नॉर्मल होईल का?

पुष्कळजणींचं होतं. पुन्हा तसंच फाटण्याचं प्रमाण शंभरात पाच ते सात असं सांगतात. पण शौच-हवा आवरायला अजून त्रास होत असेल, तर सिझरचा विचार योग्य ठरतो. सातव्या महिन्यातच मागचं डिस्चार्ज कार्ड घेऊन मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात जा. आपल्या भागात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा संभाजीनगरची घाटी. कळा सुरू झाल्यावर हा निर्णय करता येत नाही.

२०. पहिलं सिझर झालं, आता दुसरं नॉर्मल करायचंय. मला पहिलटकरीण धरायचं का?

खालच्या भागासाठी हो. त्या वाटेने बाळ अजून गेलेलंच नाही. मालिश, फुंकर, कपडा, सगळं पहिलटकरणीसारखंच. व्रणासाठी मात्र ऑपरेशनची सोय असलेलाच दवाखाना गाठा.

२१. आम्ही ऊसतोडीला आलोत, बायकोचा नववा महिना चालू आहे. कोपीवर किंवा रस्त्यातच बाळ आलं तर?

आजच जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र शोधा, माता-बाल कार्ड दाखवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत आहे. गावचा पत्ता वेगळा असला तरी कळा आलेल्या बाईला परत पाठवता येत नाही. मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून थांबू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करताना कारखान्याचं, फडाचं आणि जवळच्या रस्त्याचं नाव तयार ठेवा.

गाडी यायच्या आधीच डोकं दिसलं, तर तिला डाव्या कुशीवर करा. तिनं जोर थांबवून फुंकर घालायची. हात धुऊन डोक्यावर तळवा नुसता ठेवा, वेग आवरायला. ओढायचं नाही, बोटं घालून वाट रुंद करायची नाही, पोट दाबायचं नाही. बाळ पुसून आईच्या छातीवर उघडं ठेवा, वरून दोघांना पांघरा. वार ओढू नका. फाटलेलं दिसलं तर स्वच्छ कपड्याची घडी दाबून धरा आणि मांड्या जुळवून न्या. टाके काही तासांनी घातले तरी चालतात.

२२. टाके घालताना "एक टाका जास्त घाला" असं सांगायचं का? नवऱ्याला बरं वाटावं म्हणून?

नाही. जितकं फाटलं तितकंच शिवतात. जादा टाक्याने जागा अरुंद होते, संबंध दुखतात आणि पुढच्या वेळी तिथंच ताण येतो. हे मला बहुतेक वेळा सासूबाई विचारतात, हळूच, दारात उभ्या राहून. मी तेवढ्याच हळू आवाजात नाही म्हणते आणि सुई पुढे चालू ठेवते.